गाडीची उंची कोणाच्या सोयीची?



चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की हा कामगार चळवळीतला माणूस, संपावर बोलेल, फार तर महागाईभत्त्यावर बोलेल. मी त्यांना 'गाडीची उंची' असे सांगितले. ते जरा गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हा विषय तासभर पुरेल का हो?" मी म्हटले, पुरून उरेल, तुम्ही वेळेवर घंटा वाजवा म्हणजे झाले.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले, एक ट्रकच्या पोटाखाली आणि दुसरे इथल्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा माझ्या बोलण्यात ग्रीसचे डाग दिसले तर ते पहिल्या शाळेचे समजावे.

विषय असा आहे. कारखान्यातून गाडी बाहेर पडते ती एका ठरावीक उंचीची. तिचे पोट जमिनीपासून इतके इंच वर, दिवे इतके वर, बंपर इतका वर. मग मालक ती घरी आणतो आणि त्याला वाटते, ही थोडी वर हवी. किंवा वाटते, थोडी खाली हवी. कोणी हौसेने बदलतो, कोणी पैशाच्या लोभाने. गाडी त्याची, पैसा त्याचा, मग आपण मध्ये बोलणारे कोण? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

गाडीची उंची मुळात रस्त्याने ठरवली आहे. आपली बैलगाडी घ्या. काळ्या जमिनीच्या मुलखात चाके मोठी, कारण चिखलात आस रुतला तर बैलांच्या बापालाही निघायचा नाही. अमेरिकेत १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी मॉडेल टी ही मोटार काढली, तिचे पोट जमिनीपासून सुमारे १० इंच वर होते. ती काही ऐट नव्हती. तिथल्या शेतकऱ्याचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधला उंचवटा; तो उंचवटा पोटाला न लागता गाडी गेली पाहिजे, एवढाच हिशेब. पुढे रस्ते पक्के झाले आणि मोटारी बसक्या होत गेल्या. १९४८ साली हडसन कंपनीने अशी मोटार काढली की तिच्यात पायरी उतरून बसावे लागे, कारण तळ चासीच्या पट्ट्यांमध्ये खाली बसवला होता. रस्त्याला चिकटून चालणारी म्हणून तिचे फार कौतुक झाले.

त्याच साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यासाठी एक गाडी लोकांपुढे मांडली. कंपनीचे प्रमुख बूलाँझे यांनी आपल्या इंजिनियरांना घातलेली अट प्रसिद्ध आहे : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती चालली पाहिजे, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तर एक अंडे फुटता कामा नये. मला ही अट फार आवडते. गाडी कशी असावी हे सांगताना या माणसाने गाडीचे वर्णनच केलेले नाही. बटाट्यांचे आणि अंड्यांचे केले आहे. त्याच कंपनीने १९५५ साली तेल आणि नायट्रोजन वायू यांवर तरंगणारी मोटार काढली. तिच्यात चालकाजवळच्या एका दांडीने गाडी वर किंवा खाली करता येई. म्हणजे उंची बदलणे हे काही पाप नव्हे. करणाऱ्याने पूर्ण हिशेब करून केले होते, एवढाच फरक.

आता आमच्या धंद्यातले थोडे सांगतो, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. ट्रकच्या आसावर पोलादी पाट्यांची जुडी असते. लांब पाटा वर, त्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड. मध्ये सेंटर बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी यू-बोल्टने ती आसाला आवळलेली. त्या जुडीत दोन पाटे वाढवले की गाडी वर उठते आणि ताठ होते. लहान मोटारींना मळसूत्री स्प्रिंग असते. तिच्याखाली ठोकळा घातला की गाडी वर, तिचा एखादा वेढा कापला की गाडी खाली. काम अर्ध्या दिवसाचे. गॅरेजमध्ये हे करून देणारा कारागीर कसबी असतो, त्याला मी दोष देत नाही. पण गाडी चार इंच वर गेली की चारच इंच बदलत नाहीत. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर झिजतात. सुकाणूच्या दांड्यांचा कोन बदलतो. दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणि भारमध्य वर जातो, ज्याविषयी पुढे बोलायचे आहे.

आधी थोडे हौशीविषयी. ते आपल्याकडे नव्हे, कॅलिफोर्नियात घडले, आणि कामगार चळवळीच्या माणसाने वाचावे असे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती वाढली. कारखान्यात, शेतात, बांधकामावर राबणारे लोक. नवी मोटार परवडत नव्हती, जुनी शेव्हरोले परवडत होती. गोऱ्या वस्तीतली पोरे जुन्या मोटारी घेऊन त्या वेगाने पळवायच्या मागे लागली होती. या पोरांनी उलट केले. त्यांनी मोटारी खाली आणल्या आणि सावकाश चालवल्या. डिकीत वाळूची पोती टाकून मागची बाजू बसवायची, स्प्रिंगचे वेढे कापायचे. मग अनेक थरांचा रंग, आतून मखमल, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार नावाच्या रस्त्यावर माणूस पायी चालेल त्या गतीने मिरवणूक. 'खाली आणि सावकाश' हेच त्यांचे ब्रीद. आठवडाभर ज्याला कोणी वर मान करून पाहत नाही, तो त्या संध्याकाळी रस्त्याच्या मधून जातो आणि सगळे पाहतात. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतात त्यात आणि यात मला फारसे अंतर दिसत नाही.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया सरकारने कायदा केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली असता कामा नये. कायद्याचे शब्द सगळ्यांना सारखे होते. त्याखाली पकडले जाणारे कोण, हे पोलिसाच्या नजरेवर होते. १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट मोटारीला तेलाच्या दाबावर चालणारे पंप आणि झडपा बसवल्या. बटण दाबले की गाडी खाली. पोलीस दिसला, बटण दाबले, की गाडी कायदेशीर उंचीवर! कायद्याने चार इंच मागितले, ते पाहिजे तेव्हा द्यायची सोय त्याने करून ठेवली. पुढे त्यातूनच गाड्या उड्या मारू लागल्या, नाचू लागल्या. या हौशी लोकांचे क्लब झाले, आणि सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेसाठी पैसे गोळा करण्यात त्यांतले काही क्लब होते, हे मुद्दाम सांगतो. पुढे शहरोशहरी अशा फेऱ्यांवर बंदी आली. ती बंदी आणि उंचीचा तो जुना कायदा हे दोन्ही १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने रद्द केले. साठ वर्षांहून अधिक काळ गेला.

खाली केलेली मोटार व्यवहाराला सोयीची नाही, हे उघड आहे. ती उंचवट्यावर घासते, खड्ड्यात आपटते. आपल्याकडे तर गतिरोधकच तिला पुरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा गोलसर असावा. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतला गतिरोधक कोणत्या नमुन्याचा असतो, ते गल्लीतल्या लोकांना ठाऊक. पण घासते ते कोणाचे? मालकाचे स्वतःचे. सावकाश चालणाऱ्या बसक्या गाडीपासून दुसऱ्याला होणारा उपद्रव थोडा. म्हणून मी या लोकांच्या बाजूचा आहे.

उलट प्रकार गाडी वर करण्याचा. अमेरिकेत पिकअप ही मुळात शेतकऱ्याची आणि कारागिराची गाडी. मागचा हौदा कमरेइतका, म्हणजे खताची गोणी एकट्याला चढवता यावी. ती वर करून, मोठी चाके लावून मिरवण्याची टूम निघाली, आणि मग त्याच हौद्यात गोणी टाकायला शिडी लागू लागली. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या दृष्टीने हे कसे, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाडीने धडक दिली तर पायी चालणारा मरण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या मानाने, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. कारण साधे आहे. सखल गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते, आणि माणूस चाकाखाली जातो. त्यातून मूल असले तर चालकाला ते दिसतच नाही. यातल्या पुष्कळ गाड्या कारखान्यातूनच तशा उंच येतात, हेही सांगितले पाहिजे. सगळे पाप हौशी मालकाच्या माथी मारून कारखानदाराला सोडून देऊ नये.

उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांत तर एक वेगळीच टूम निघाली. गाडीचे नाक वर आणि मागची बाजू खाली, कुत्रे बसल्यासारखे. चालकाला समोरचा रस्ता दिसत नाही, आकाश दिसते, दिवेही आकाशाकडे. उत्तर कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचा मडगार्ड मागच्याहून ४ इंच किंवा अधिक वर असण्यास बंदी केली. २०२२ साली व्हर्जिनियाने आणि २०२३ साली दक्षिण कॅरोलिनाने तसेच कायदे केले.

आता बंपर. बंपर हा शब्दच धक्का घेण्याचा आहे; पण माझा बंपर तुमच्या बंपरसमोर आला तरच तो धक्का घेणार. रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. आपल्या ब्रॉडगेजच्या डब्याचा बफर, डबा रिकामा असताना रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर आणि भरल्यावर कमीत कमी १,०३० मिलिमीटर उंचीवर राहिला पाहिजे. ७५ मिलिमीटर, म्हणजे चार बोटांच्या पट्ट्यात सगळ्या देशाचे बफर! जम्मूचा डबा त्रिवेंद्रमच्या डब्याला समोरासमोर भिडतो. रस्त्यावर अशी शिस्त नाही. मोटारीचे नाक ट्रकच्या मागच्या बाजूखाली शिरते, आणि ट्रकच्या हौद्याची कड काचेतून आत येते. १९६७ सालच्या २९ जूनला अमेरिकेत जेन मॅन्सफील्ड या प्रसिद्ध नटीचा मृत्यू असाच झाला. पुढे बसलेली तिन्ही मोठी माणसे गेली. मागच्या बाकावरची तिची तीन मुले वाचली. ट्रकच्या मागे खाली जो आडवा दांडा असतो, त्याला तिकडे अजून तिच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे नियम असा की रिकाम्या गाडीचा हा दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरहून वर नसावा. आता पाटे घालून गाडी सहा इंच उचलली की दांडाही सहा इंच उचलला जातो. दांडा आहे का, तर आहे. तपासनीस पाहून जातो. टेप लावून कोण पाहतो?

इथून मी आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे ट्रक हौसेने कमी आणि लोभाने जास्त उचलला जातो. माल जास्त भरायचा तर पाटे बसतात, टायर मडगार्डला घासतात. म्हणून दोन पाटे वाढवायचे. मालक म्हणतो, "गाडी मजबूत केली." मजबूत पाटे झाले, ब्रेक होते तेच, आस होता तोच, टायर होते तेच. जुलै २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादाच वाढवली. दोन आसांच्या ट्रकला भरल्या वजनाची मर्यादा १६.२ टन होती ती १८.५ टन केली. आम्हाला वाटले, आता तरी हाव थांबेल. ती मर्यादेच्या पुढे पुन्हा तेवढीच सरकली.

ट्रक उलटतो कसा, हे कडब्याची गाडी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. तरी आकड्यात सांगतो, म्हणजे वाद राहत नाही. गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर घ्यावे, त्याचे अर्धे करावे, आणि भारमध्याच्या उंचीने भागावे. येणारा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. समजा, चाकांमधले अंतर १.८ मीटर, त्याचे अर्धे ०.९. भारमध्य जमिनीपासून १.८ मीटर वर असेल तर आकडा अर्धा. आता पाटे वाढवून गाडी चार-पाच इंच उचलली आणि फाळक्याच्या वर आणखी थर रचले, भारमध्य २.२५ मीटरवर गेला. आकडा झाला ०.४. आता ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. पहिल्या गाडीची उलटण्याची सीमा ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास, दुसरीची ५० च्या आसपास. आणि हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात टायर दबतात, गाडी एका बाजूला कलते, पोती सरकतात; सीमा आणखी खाली येते. कित्येक वर्षे साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर एकामागून एक दोन उलटी वळणे लागत. ज्यांनी तिथे भरलेली गाडी चालवली आहे, त्यांना या सहा किलोमीटरचा अर्थ मी सांगायला नको. चालकाच्या अंगात वेगाचा जो अंदाज मुरलेला असतो, तो मूळच्या गाडीचा असतो. मालकाने बदललेली गाडी त्याच्या हातात येते, तेव्हा तो अंदाज त्याला फसवतो.

एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि मालकाचे नाव सांगत नाही. २००९ सालचे आहे. कांद्याने भरलेला ट्रक घाटाच्या वळणावर उलटला. चालक जगला, किन्नर गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा. मालकाने पहिल्याच दिवशी जबाब दिला की चालक बेदरकारपणे चालवत होता. पोलिसांनी तसेच लिहून घेतले. आम्ही गाडी ओढून ठेवली होती तिथे गेलो. सोबत आमच्या संघटनेचा एक जुना पाटेवाला होता. त्याने कंदिलासारखा मोबाईल धरला आणि पाटे मोजले. एका बाजूला दोन पाटे जादा, दुसऱ्या बाजूला तीन. जादा पाटे दुसऱ्याच गाडीचे, भंगारातले. त्यांवर आधीच्या सेंटर बोल्टच्या भोकाची जागा वेगळी. म्हणजे गाडी उंच तर होतीच, शिवाय एका अंगाला कललेली होती, आणि वळण नेमके त्या अंगाचे होते. आम्ही पंचनामा पुन्हा करायला लावला. पोराच्या आईला भरपाई मिळायला तीन वर्षे लागली; मिळाली. चालकावरचा खटला त्याहून जास्त चालला. माझा मुद्दा एवढाच की ते पाटे घालण्याआधी चालकाला कोणी विचारले नव्हते, आणि अपघात झाल्यावर जबाब मात्र त्याच्याकडेच मागितला.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ असे की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करण्याची वाट परवानगीने मोकळी ठेवली आहे, आणि ते योग्यच झाले. जादा माल भरण्याला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. पण नाक्यावर पावती फाडताना समोर उभा असतो तो चालक. माझ्याकडे असे चालक येतात की मालकाने दंड त्यांच्या पगारातून कापून घेतला.

ताठ पाट्यांचा आणखी एक हिशेब आहे, जो कोणत्याही दंडाच्या पावतीवर येत नाही. माल टाकून रिकामी गाडी परतते, तेव्हा ते पाटे दबतच नाहीत. गाडी उड्या मारते. मागची चाके क्षणभर अधांतरी होतात, त्या वेळी ब्रेक मारला तर चाक घसरते. आणि प्रत्येक उडी चालकाच्या मणक्यात जाते. आमच्याकडे चाळिशीतच कंबर धरून चालणारे चालक किती तरी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, त्याचे मी स्वागत करतो. पण गार हवेत बसवून खालून मोगरीने ठोकत राहायचे, याला सुधारणा म्हणायचे की काय?

आता हमाल. उंच गाडीची चर्चा करणाऱ्या एकाही पुस्तकात मला हमाल सापडला नाही, म्हणून त्याच्यासाठी थोडा वेळ घेतो. पोते ५० किलोचे. दहा टन माल म्हणजे २०० पोती. गाडीचा हौदा सहा इंचांनी, म्हणजे १५ सेंटिमीटरनी वर गेला, तर प्रत्येक पोते तेवढे जास्त चढवावे लागते. २०० वेळा १५ सेंटिमीटर म्हणजे ३० मीटर. दहा मजली इमारत झाली. टोळीत चौघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाठीवर पोते घेऊन अडीच मजल्यांची जादा चढण, एका गाडीमागे. दिवसाला तीन गाड्या भरल्या तर साडेसात मजले. गाडी भरता भरता थोडी खाली बसते, हे मी हिशेबातून सोडून दिले आहे. पण सुरुवातीला फळी तितकीच उभी होते, आणि पाय घसरतो तो उभ्या फळीवरून. आमच्या वडिलांच्या पिढीने १०० किलोची पोती वाहिली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने नेहमी वाहायचे ओझे ५५ किलोहून अधिक नसावे. दोन वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाला मंडळ मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ओझ्याचे वजन लोकांनी मोजले. ते किती उंच चढवायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या पाट्यांवर राहिले.

प्रवाशांच्या बाबतीत थोडे तरी पाऊल पुढे पडले आहे. शहरी बससाठी २०१३ साली केंद्र सरकारने जे नमुने ठरवले, त्यांत तळाची उंची ९००, ६५० आणि ४०० मिलिमीटर अशी तीन प्रकारची आहे. ४०० ची बस थांब्यावर लागली की म्हातारी माणसे हात न धरता चढतात. काही बस तर हवेच्या फुग्यांवर असतात आणि थांब्यावर एका अंगाने खाली वाकतात. कॅलिफोर्नियातल्या त्या पोराची बटणाची युक्ती आणि ही युक्ती जातीने एकच. आपल्या एस.टी.ची पहिली पायरी चढताना आजीबाई आधी पिशवी आत टाकतात, मग दांडा धरतात, मग देवाचे नाव घेतात. खेड्याच्या रस्त्यावर ४०० ची बस चालणार नाही, हे मला कळते. पोट खडीला लागेल. तिथे बस वरच हवी, पण पायरी खाली आणता येते. एक जादा पायरी बसवायला विज्ञान लागत नाही.

शेवटी आमच्या बाजारआवारातली गोष्ट सांगून बसतो. रेल्वेच्या मालधक्क्यावर फलाट डब्याच्या तळाला लागून असतो. ब्रॉडगेजला त्याची उंची जास्तीत जास्त १,०६५ मिलिमीटर. हमाल सपाटीवरून चालत डब्यात जातो, ढकलगाडीही जाते. तसाच ओटा आमच्या आवारात ट्रकांसाठी बांधावा, अशी मागणी आम्ही केली. इंजिनियर साहेब भले गृहस्थ. ते म्हणाले, "उंची किती ठेवू ते सांगा." आम्ही एका सकाळी टेप घेऊन रांगेतल्या वीस रिकाम्या गाड्यांचे हौदे मोजले. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची यांत नऊ इंचांचा फरक निघाला, आणि त्यांत एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या होत्या. शेवटी ज्या गाड्या कारखान्यातून आल्या तशाच होत्या, त्यांच्या मापाने ओटा बांधला. त्यांचा माल आता निम्म्या वेळात भरतो. उंच केलेल्या गाड्यांना अजून फळी लागते. अशा गाडीला हमालीचा दर सवाईने लावावा, असा ठराव आमच्या हमाल बांधवांनी केला आहे. त्याला व्यापारी मंडळींची हरकत आहे, ट्रकमालकांचीही आहे. पुढच्या महिन्यात त्यावर बैठक आहे. आपल्यापैकी काही व्यापारी इथे पहिल्या रांगेत बसलेले मला दिसतात. त्यांचे जे म्हणणे असेल ते त्यांनी आजच विचारावे, घंटा व्हायला अजून पाच मिनिटे आहेत.